नकाशांच्या कपाटामागे

“सगळी परत? आणि सभासदपत्रसुद्धा?” देवघेवीच्या टेबलावरच्या बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. विद्यापीठाच्या ग्रंथालयात कुजबुजीच्या वर आवाज चढवायचा नाही. पण त्यांना बसलेला धक्का त्या कुजबुजीतही लपला नाही.

“हो. प्रबंध बंद,” भिंगरीची आई म्हणाली आणि पुस्तकांचा ढीग पुढे सरकवला. तिचं बोट धरून भिंगरी उभी होती. चार वर्षांची, सारखी भिरभिरणारी, म्हणून भिंगरी.

आठ महिन्यांची असल्यापासून भिंगरी इथे येत होती. नदीनं दीडशे वर्षांत पात्र कसकसं बदललं, हा तिच्या आईचा विषय. त्यासाठी लागणारे जुने मोजणीचे नकाशे घरी नेता येत नाहीत, आणि घरी मुलीला सांभाळायला कुणी नाही. पहिल्या दिवशी मूल कडेवर घेऊन आई दारातच घुटमळली होती. तेव्हा याच बाईंनी नियमांची वही मिटून बाजूला ठेवली आणि नकाशांच्या कपाटामागे एक सतरंजी अंथरून दिली.

मग तो भिंगरीचा कोपराच झाला. रोज वर्तमानपत्र वाचायला येणारे एक आजोबा तिच्या झोपेवर पहारा देत; पान उलटायचं तर आधी तिच्याकडे बघत. डोळ्यांनी न दिसणारा कायद्याचा एक विद्यार्थी आपल्या ब्रेल पुस्तकातल्या उठावाच्या ठिपक्यांवरून तिचं बोट फिरवी आणि विचारी, “सांग पाहू, काय लिहिलंय?” ती त्याच्या कानात काहीतरी ठोकून देई. तो म्हणे, “बरोब्बर! आमच्या सरांपेक्षा बरं.” तान्ही असताना एकदा ती रडली तेव्हासुद्धा कुणी डोळे वटारले नाहीत. आईचं मात्र अर्धं लक्ष नकाशावर, अर्धं भिंगरीच्या ओठांवर.

त्या ओठांतून कुजबुजीपलीकडे काही बाहेरच पडेना. ग्रंथालयात तसंच, घरी तसंच, बागेतल्या घसरगुंडीवरही तसंच. मागच्या आठवड्यात बालवाडीच्या ताईंनी आईला बाजूला घेतलं. “एका मुलानं तिला ढकललं. गुडघा फुटला, डोळ्यांतून पाणी आलं, पण तोंडातून आवाज नाही. कुणाला तरी दाखवून घ्या.” डॉक्टरांनी कान पाहिले, घसा पाहिला. सगळं ठणठणीत. “वातावरण बदलून बघा,” ते म्हणाले. सासूबाईंनी मग गावाहून फोनवर उरलंसुरलं बोलून घेतलं. “पुस्तकांत वाढवलीस पोरीला. पुस्तकं कधी बोलतात का? आता ती मूग गिळून बसलीय, आणि तू बस नदी मोजत.”

प्रबंध सादर करायला पाच महिने उरले होते. हातातोंडाशी आलेला घास. पण या पाच महिन्यांत पोरीचा आवाज कायमचाच मिटला तर? आईनं सकाळी पिशवी भरली आणि ती थेट इथे आली.

“हिचा आवाज मी घालवला, बाई,” ती म्हणाली, आणि एका दमात सगळं सांगून मोकळी झाली.

बाईंनी मधे तोंड घातलं नाही. सगळं ऐकून घेतल्यावर त्या म्हणाल्या, “बालवाडीत विचारलंत, डॉक्टरांना विचारलंत. सासूबाईंनी तर न विचारताच सांगितलं. हिला विचारलंत का?”

आईनं नव्हतं विचारलं. इतकी टपून पाहत आली होती आणि साधं विचारलं नव्हतं. ती गुडघ्यांवर बसली. “भिंगरी, तू मोठ्यानं का गं बोलत नाहीस?”

भिंगरीनं इकडेतिकडे बघितलं. मग आईच्या गळ्यात हात टाकून कानाशी म्हणाली, “आवाज झाला तर तुला इथून काढून टाकतील ना. तू बाबांना सांगत होतीस.”

“अगं, पण घरी? घरी कोण काढणार आहे?”

“घरी मोठा आवाज केला, तर इथे पण चुकून मोठा येईल.”

‘आवाज झाला तर काढून टाकतील’ हे वाक्य आईचंच होतं. तीन-सव्वातीन वर्षं रोज पायऱ्या चढताना जी भीती ती स्वतःशी घोळवायची, ती या एवढ्याशा गळ्यात जाऊन बसली होती.

टेबलापलीकडून खुर्ची करकरली. ‘शांतता राखा’ या पाटीखाली सव्वीस वर्षं काढलेल्या बाई ताडकन उभ्या राहिल्या.

“कोण काढतंय तुझ्या आईला?” त्यांचा आवाज छताला जाऊन थडकला. “बघतेच मी! ही जागा तिची आहे. आणि तुझीसुद्धा!”

सगळ्या माना एकदम वर झाल्या. आजोबांच्या हातातलं वर्तमानपत्र घसरून पायाशी पडलं. कायद्याच्या विद्यार्थ्याचं बोट ओळीच्या मध्यावर थबकलं. बाईंनी स्वतःच तोंडावर हात ठेवला.

भिंगरी मात्र जराही दचकली नाही. तिनं आईचं बोट सोडलं. टाचा उंचावून टेबलावरची पुस्तकं दोन्ही हातांनी आईकडे ढकलली. मग कमरेवर हात ठेवून, पार शेवटच्या कपाटापर्यंत पोचेल अशा खणखणीत आवाजात तिनं बाईंना दटावलं, “हळू बोला ना! माझी आई अभ्यास करतेय!”