बॉनेटवरचं जाळं

अर्धांगाच्या झटक्यातून हे वाचले, पण उजवा हात काही थरथरायचा थांबेना. "हाताला काहीतरी काम द्या," डॉक्टर म्हणाले. मी सोलायला लसूण पुढे केला, तर ह्यांनी आमची जुनी काळी गाडी निवडली! दर रविवारी हे बॉनेटला पॉलिश करायचे, वॅक्स लावायचे आणि मऊ फडक्याने पुसायचे. फडकं खरं तर सरळ रेषेत फिरवायचं. ह्यांचा हात मात्र भरकटून गोल गोल जायचा आणि काळ्या रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे उमटायचे. "कसं झालंय?" हे विचारायचे. "आरशासारखं!" मी बेधडक ठोकून द्यायची. मग जेवून हे आडवे झाले की मी टॉर्च तिरकी धरून ते जाळं शोधायची आणि पुन्हा पॉलिश घासून गुपचूप घालवायची. आजही ह्यांचा डोळा लागल्यावर मी बाह्या सरसावून गॅरेजमध्ये गेले, टॉर्च लावली, आणि जाळं सापडेचना. इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं, गुडघे टेकून पाहिलं. त्या काळ्याभोर रंगात, खोल विहिरीत चंद्र उतरावा तसा, टॉर्चचा एकच गोल उजेड होता. भोवती नावाला एक रेघ नव्हती. श्वास घ्यायचंही भान राहिलं नाही मला. बघता बघता तो उजेड थरथरायला लागला. "दर रविवारी धरतेस तशी नीट धर की टॉर्च," मागून ह्यांचा आवाज आला. "आज तुझा हात कापतोय."