शंभरातले चौसष्ट

"शंभरातले चौसष्ट," दुकानदार स्पासनं पुन्हा एकदा मोठ्यानं सांगितलं आणि दुकानातल्या टीव्हीचा आवाज बंद केला.

दुकानात सात-आठ माणसं होती; म्हणजे जवळजवळ अख्खं गाव. बाकीचं गाव तिकडे होतं, पश्चिमेकडच्या श्रीमंत देशात, दोन दिवसांच्या बसप्रवासावर. कुणी इमारती बांधत होतं, कुणी स्ट्रॉबेरी खुडत होतं, कुणी तिथल्या म्हाताऱ्यांना आंघोळी घालत होतं. आणि आता त्या देशभर घेतलेल्या जनमत चाचणीत तिकडच्या लोकांनी सांगून टाकलं होतं, की बाहेरून आलेल्या सगळ्यांना आपापल्या घरी पाठवा.

"माझी तीन पोरं तिथं भिंती उभ्या करतायत," वासिल म्हणाला. "त्याच भिंतींआड ऊब घेत बसायचं आणि फोनवर सांगायचं, हाकला यांना."

"चाचणीच आहे रे, कायदा नाही," स्पास म्हणाला.

"निवडणूक जवळ आली की चाचणीचाच कायदा होतो," लाल्काबाई म्हणाल्या. गावातली शाळा बंद पडून नऊ वर्षं झाली होती, तरी गाव त्यांना बाईच म्हणायचं. त्यांनी तिथल्या तिथं वहीचं पान फाडलं आणि तिकडच्या वर्तमानपत्राला निषेधाचं पत्र लिहायला घेतलं. 'तुमच्या आजारी माणसांच्या उशाशी आमच्या लेकी जागतात,' हे पहिलं वाक्य.

ते पेन्काकडे बघूनच सुचलंय, हे सगळ्यांना कळलं. पेन्काची एकुलती एक लेक बिल्याना सतरा वर्षं तिकडच्या वृद्धाश्रमात नोकरीला होती. कागद पुढे आला तशी पेन्कानं मुकाट्यानं सही केली. "धीर सोडू नका, मावशी," असं म्हणत स्पासनं तिची पावाची पिशवी दारापर्यंत आणून दिली.

पेन्का घरी आली. डोक्याचा रुमाल सोडला. कोपऱ्यातल्या देवमातेच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावली आणि छातीवर क्रूस काढला.

"माते, चौसष्ट थोडे होतात," ती पुटपुटली. "नव्वद कर."

दुसऱ्या दिवशी तिनं कामाला हात घातला. बिल्यानाच्या खोलीला चुना दिला, स्वयंपाकघरालाही दिला. गाद्या उन्हात टाकल्या. लाल ढोबळ्या मिरच्यांचा हंगाम होता; त्या भाजून, सोलून थंडीसाठी बरण्यांत भरायच्या. एकटीपुरत्या दहा बरण्या भरणारी पेन्का यंदा चाळीस बरण्या धुऊन बसली होती.

मिरच्या भाजल्याच्या खमंग वासानं लाल्काबाई फाटकातून आत आल्या आणि बरण्यांची रांग बघून थबकल्या.

"एवढं कुणाला गं?"

"थंडीपर्यंत येईलच ना ती." पेन्का भाजलेल्या मिरचीची सालं ओढत होती. "कायदा व्हायला किती दिवस लागतात, बाई?"

लाल्काबाईंना आधी काही उमगलंच नाही. मग त्या हळूच बाकावर टेकल्या.

"पेन्का, तुला आनंद झालाय?"

पेन्कानं पुढची मिरची सोलायला घेतली.

"अख्खं गाव सुतकात आहे आणि तू बरण्या भरतेस. पोरीचा अपमान आहे हा. हाताला धरून बाहेर काढतील तिला."

"काढू देत." पेन्काची बोटं काळी झाली होती, ती तिनं एप्रनला पुसली. "सतरा वर्षं मी ये म्हणतेय. तिचा बाप गेला तेव्हा तीन दिवस आली, रजा नाही म्हणून चौथ्या दिवशी परत. मी ये म्हटलं तर येत नाही, बाई. ते जा म्हणाले तर तरी येईल की नाही?"

"आणि इथं येऊन करेल काय?"

"माझ्यासमोर बसेल. जेवेल."

लाल्काबाईंनी बाह्या वर सारल्या, टोपलीतली एक मिरची उचलली आणि त्याही सोलायला लागल्या. डझनभर सोलून झाल्यावर तोंडातल्या तोंडात म्हणाल्या, "मग माझा पोरगा दिमोही येईल."

"येईल की. त्याच्यासाठी पाच बरण्या घेऊन जा."

रविवारी दुपारी बिल्यानाचा फोन आला. पेन्कानं तो टेबलावर उभा करून ठेवला आणि खुर्ची पुढे ओढली. पडद्यावर लेक दिसली. केस कापले होते, तब्येत बरी दिसत होती.

"आई, भिंती कशा पांढऱ्याशुभ्र दिसतायत."

"चुना दिला. तुझ्या खोलीलाही दिलाय." मनाशी चार दिवस घोकलेलं पेन्का एका दमात बोलून गेली. "टीव्हीवर बघितलं मी सगळं. तू मनाला लावून घेऊ नकोस. अपमान चार दिवसांचा असतो, घर कायमचं असतं. त्यांनी जा म्हटलं की सरळ बस पकड. सामान राहिलं तर राहू दे."

"कोण जा म्हणतंय?"

"तेच. ते चौसष्ट."

बिल्याना हसली. लहान पोरानं काहीतरी वेड्यासारखं विचारल्यावर हसावं तशी, मायेनं.

"अगं, मला कोण घालवणार? चार वर्षं झाली, मी इथली नागरिक आहे. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नव्हते. आणि लोक काही खोटं नाही बोलत, आई. आता नवे जे येतायत ना, त्यांनी आमची गल्ली पार बिघडवून टाकलीय. भाषा शिकायला नको, निम्म्या पगारात कामं धरतात. त्यातले कितीतरी तर आपल्याकडचेच."

"पण बातमीत म्हणाले, बाहेरून आलेले सगळेच..."

"तू उगाच घाबरू नकोस. मलाही आला होता ना त्या चाचणीचा फोन. त्या चौसष्टांत मीपण आहे."