उलटा लावलेला बाण

स्पीकरच्या वायरीवर बाण छापणाऱ्यांनो, तुम्ही लबाड आहात. आवाज म्हणजे काय गाडी आहे, त्याला एकेरी रस्त्याची पाटी लावायला? तुमचा दुकानदार म्हणे, "बाणाचं टोक स्पीकरकडेच ठेवा, घरघर कमी होते." तुमची जिरवायची म्हणून मी मुद्दाम उलटं लावलं, टोक अँप्लिफायरकडे.

ताई हसली. "दीडशहाण्या, भांडायला आता वायरच उरली होती का?"

गाणं पूर्वीसारखंच लागलं. काडीचा फरक नाही! मी खुशीत टाळी वाजवली. गाणं ऐकू येत होतं, टाळी ऐकू आली नाही.

मी गाणं बंद केलं. ताई काहीतरी म्हणाली. तिचे ओठ हलले, अँप्लिफायरवरची आवाजाची पातळी दाखवणारी सुई हलली, खोलीत मात्र चिडीचूप.

मी वायर उपटून फेकली. "ताई!" माझी हाक मला स्पष्ट ऐकू आली. तिचा आवाज परत आला नाही.

वायर कोपऱ्यात पडली आहे, कशालाच जोडलेली नाही. तरी ताईच्या ओठांबरोबर सुई हलते आहे. मधेच ताई गप्प होते, कान देऊन ऐकते, तेव्हाही सुई हलते.

सरळ उत्तर द्या. अँप्लिफायरच्या पलीकडे कोण बसलं आहे, आणि ते ताईला असं काय विचारतं आहे, की ती सारखी मान हलवून नाही म्हणते आहे?