बाबली, वय चार

बायको जाऊन महिना झाला, तेव्हा तिच्या वह्या आणायला मी डिचोलीला तिच्या कॉलेजात गेलो. चाळिशीत तिने बालवाडीच्या शिक्षिकेचा कोर्स धरला होता. तिला शिकवणाऱ्या बाईंनी एक वही वेगळी ठेवली होती. "एका लहान मुलाचं तीन महिने निरीक्षण करून लिहायचं होतं. इतकं बारकाईने कुणीच लिहिलं नाही," म्हणत त्यांनी वाचून दाखवलं, "बाबली, वय चार. चहात पाव बुडवतो आणि शर्टावर सांडतो. चूक कबूल करत नाही. घाबरला की शीळ घालतो. मी समोर बसल्याशिवाय जेवत नाही." आम्हाला मूल नाही. बाबली मला घरात म्हणतात. वय चव्वेचाळीस, त्यातला एक चार तिने गाळला होता. मला हसू आलं. मग बाईंनी शेवटची नोंद वाचली. "आजपासून त्याला एकट्याने जेवायची सवय लावते आहे." तारीख गणपतीच्या चवथीच्या आधीची होती. आपल्या दुखण्याचं तिने मला दिवाळीनंतर सांगितलं. पण चवथीच्या आधीपासूनच ती माझं ताट वाढायची आणि पुस्तक घेऊन ओसरीवर जाऊन बसायची. "तुमी जेवा, माका अभ्यास आसा." मी एकदा चिडून म्हटलं होतं, "कॉलेजात गेल्यार घोव नको झालो?" ती पान उलटत राहिली होती. बाईंनी वही मिटून माझ्या हातात दिली. "गोड पोर आहे. लागली का मग त्याला एकट्याने जेवायची सवय?" "अजून नाय, बाई," मी म्हटलं.