पाठमोरा

दुसरा फटका गुलाबच्या कानशिलावर बसला, तेव्हा नारायणराव जीपमधून उतरत होते. तिसरा त्यांनी नीट पाहिला. वीरप्पाच्या हातात गुलाबचाच लोखंडी पान्हा होता. टँकरची तोटी उघडीच राहिली. येडशीहून आणलेलं पाणी रक्तात मिसळून धुळीत चाललं. दुष्काळाचं दुसरं वर्ष, तरी पन्नास घागरींतली एकही पुढं सरली नाही.

गुलाब नगरपालिकेचा पाणी सोडणारा. नगराध्यक्षांचा हुकूम त्यानं पाळला होता: रांग एकच, बौद्धवाड्याची घागरही त्याच रांगेत. वीरप्पा सोसायटीचा चेअरमन; त्याला ही एक रांग खपली नव्हती. त्याच्याच गटातल्या नऊ नगरसेवकांच्या मतांनी नारायणराव वकिलाचे नगराध्यक्ष झाले होते.

जाईबाई धावत आली. तान्ह्याची मान सावरावी तशी तिनं लेकाची मान हातावर घेतली, पदर कानाशी दाबला. पदर भिजला. तिनं कोरडं टोक शोधलं, पुन्हा दाबला. गुलाबचा श्वास घरघरत होता.

फौजदार आला, तोवर पान्हा टँकरखाली गेला होता.

"कुणी मारलं?"

"म्या पाठमोरा व्हतो, साहेब."

"म्या बी."

"आमी समदेच की पाठमोरे!" वीरप्पाचा सोबती म्हणाला. मागं कुणीतरी फिस्सकन हसलं.

 वाक्य नारायणरावांचंच होतं. आठ वर्षांमागं जाईबाईच्या नवऱ्याचा, कोंडिबाचा खून झाला, तेव्हा सहा साक्षीदारांकडून त्यांनीच ते घोकून घेतलं होतं. 'पाहिलं नाही' म्हणाल तर सरकारी वकील फाडून खाईल. 'पाठमोरा होतो' म्हणा. आरोपी, वीरप्पाचा भाऊ, सुटला. वकिली तिथून जी चालली, ती चाललीच.

"चला वकीलसाहेब," वीरप्पा म्हणाला, "उन्हात कशापायी थांबता?"

नारायणराव वळले. जीपमध्ये एक पाय ठेवला.

"साहेब, तुम्ही काही..." फौजदारानं अदबीनं विचारलं.

"त्येंला नगा इचारू," जाईबाई म्हणाली. तिनं मान वर केली नाही. हात लेकाच्या कानावरच होता. "त्ये लई वर्सांचे पाठमोरे हायती."

वीरप्पा हसला. रांगेत मात्र कुणी हसलं नाही. घागरीवर घागर आपटल्याचा तेवढा आवाज झाला.

नारायणरावांनी पाय खाली घेतला.

"पोराला आधी जीपमध्ये घाला," ते म्हणाले. "आणि लिहा, फौजदार. मी समोर होतो."