जोडीदार घरी नसताना

घंटा वाजवून प्रश्नवाली बाई दोन पावलं मागे सरकून उभी राहिली. संस्थेनं तसंच शिकवलं होतं. दाराला चिकटून उभं राहिलं, तर लोकांना वसुलीवाले आल्यासारखं वाटतं.

वैवाहिक समाधान मोजायचं, हे तिचं काम. घरोघर फिरायचं, नवऱ्याला आणि बायकोला वेगवेगळं गाठायचं, छापील प्रश्न विचारायचे आणि 'पूर्ण सहमत'पासून 'पूर्ण असहमत'पर्यंत एका खान्यात खूण करायची. मधला खाना 'सांगता येत नाही'. बहुतेक संसार त्याच खान्यात सुखानं नांदत होते. सकाळी एकीनं, आमचं रोज वाजतं, असं सांगून हातचे गुण घालवले होते. प्रश्नवालीला तिचा हेवा वाटला. भांडायचं तर रोज बोलावं लागतं.

दार एका निवृत्त गृहस्थांनी उघडलं.

"या मॅडम, बसा."

त्यांनी पाणी आणून ठेवलं आणि समोरच्या खुर्चीत मुलाखतीला आल्यासारखे ताठ बसले. या गृहस्थांना तिनं हे प्रश्न पूर्वीही विचारले होते. बाकी सगळी उत्तरं मिळायची. शेवटच्या प्रश्नाला मात्र ते "पुढचा" म्हणायचे. शेवटच्या प्रश्नाला पुढचा नसतो. एक जरी खाना कोरा राहिला तरी संस्था अख्खी मुलाखत बाद करायची. पण बाद होण्याचं तिला काही नव्हतं. तिला ते उत्तर हवं होतं, आणि का हवं होतं ते तिनं संस्थेत कुणाला सांगितलं नव्हतं.

"पत्नी घरात नाहीत ना?" तिनं विचारलं. हे विचारणं सक्तीचं होतं. "त्यांच्यासमोर उत्तरं घेता येत नाहीत."

"नाही. कामावर गेलीय. आली तरी थेट स्वयंपाकघरात जाते."

मग नेहमीचे प्रश्न झाले. एकत्र जेवता का, याला ते हो म्हणाले, टीव्हीसकट. जोडीदार तुमचं म्हणणं लक्ष देऊन ऐकतो का, यावर त्यांचं म्हणणं असं, की मी काही म्हटलं असतं तर तिनं ऐकलंच असतं. कौतुक करता? करतो की, मनातल्या मनात. त्याला खाना नाही, असं तिनं सांगितल्यावर, मग मधल्यात बसवा, म्हणाले. जन्मभर सरकारी नोकरी झालेली. कुठलीही गोष्ट कुठेतरी बसवायची सवय होती.

शेवटचा प्रश्न तिनं कागदाकडे न बघता विचारला.

"पुन्हा जन्म मिळाला, तर याच व्यक्तीशी लग्न कराल?"

गृहस्थ चष्मा पुसत राहिले. ती "पुढचा"ची वाट बघत होती.

"तिला कळणार नाही ना?"

"उत्तरं गुप्त ठेवतो आम्ही."

"करीन," ते म्हणाले. "फक्त त्या खेपेला बोलेन तिच्याशी."

तिनं खूण केली. ती जरा खान्याबाहेर गेली.

"हे त्यांना कधी सांगितलंत?" हा प्रश्न छापील नव्हता.

"सवय राहिली नाही. आणि तीही तुमच्यासारखं कधी विचारत नाही."

सहकार्याबद्दल आभार मानायचे असतात, ते तिनं मानले. आभार कसले, असं ते म्हणाले. तिनं कागद बॅगेत घातले, बॅग दारामागच्या खुंटीला अडकवली आणि आत जाऊन कुकर चढवला. बाहेर टीव्ही लागला.

तिनं ताटं वाढून बाहेर आणली. मग टीव्हीवरची नजर न काढता गृहस्थ म्हणाले, "आज उशीर झाला तुला."

"हो," ती म्हणाली. "एका घरी वेळ लागला."