मोठी गरारी

यज्ञेश्वरनं मागच्या चाकाची गरारी आज परत खोलली. अंगणात वर्तमानपत्र पसरलं, चेन उतरवली, गरारीचे दाते घासलेटनं धुतले आणि ती डोळ्यांशी नेऊन फिरवत बसला. शेजारी कल्पना घामानं भिजून उभी. आजही बॅटरी पुलाच्या चढावरच मेली होती आणि मोटरसकट ते सगळं लटांबर ती पायडल मारत फ्रीगंजातल्या घरापर्यंत ओढून आली होती.

सायकल तिचीच. मिलला टाळं लागल्यापासून यज्ञेश्वर घरी होता, आणि घरी बसलेल्या फिटरचे हात किती दिवस गप्प राहणार? बायको आगर रोडवरच्या शाळेपर्यंत पाय मारत जाते हे त्याला बघवेना. भंगारातून मोटर आणली, कॅरियरवर बॅटरी बांधली, मोटरची चेन चाकावर घ्यायला ही गरारी बसवली. पहिल्या दिवशी सायकल घुंई करत गल्लीतून निघाली तेव्हा तो इतका हसला की कल्पनाला रडू आलं. किती दिवसांनी हसला होता माणूस! शेजारच्या भय्यासाहेबांनी तर तिथंच सांगून टाकलं, नीट चालली तर आमच्या सुनेलाही अशीच करून दे, ओळखीपाळखीत मी सांगतो.

पण नीट चालेल तर ना. त्याच्या हिशेबानं जाऊन-येऊन पुरायला हवी ती बॅटरी रोज पुलावर दगा देई. भय्यासाहेब दारात उभे राहून विचारत, "क्यूं भई, आज भी धक्का गाडी?" आणि यज्ञेश्वर मान खाली घालून पाना शोधू लागे.

बॅटरी कुठं जाते ते कल्पनाला पक्कं ठाऊक होतं. देवास गेटवरून घराकडे वळायचं सोडून ती रोज रामघाट गाठायची. देवाधर्मासाठी नव्हे, छे! खालच्या पायरीवर बसून क्षिप्रेत पाय सोडायचे, बस्स. शाळेत दिवसभर मॅडम, घरी आल्यावर आई आणि अगं. तिथं कुणी तिला कसलीच हाक मारत नसे. पंडेसुद्धा आता तिला संकल्पाचं विचारत नसत. दिवसातला तेवढाच वेळ तिचा होता. साधी सायकल होती तेव्हा उशीर झाला तर आज पाय दुखले म्हटलं की भागायचं. मोटर आली आणि ते भागेना.

"गरारीत खोट नाही," यज्ञेश्वर म्हणाला. त्यानं ती पेपरवर ठेवली आणि फडक्यानं हात पुसत राहिला, स्वच्छ झाल्यावरही. "म्हणजे खोट माझ्यातच आहे. भय्यासाहेबांना जमणार नाही म्हणून सांगून येतो. उद्या मोटर भंगारात देऊन टाकू."

 कल्पनानं खरं सांगितलं तर घाट गेला. गप्प राहिली तर हा माणूस पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडून राहणार, मिल बंद झाली त्या साली राहिला होता तसा. तिला दोन्हीकडून कोंडल्यासारखं झालं. तो उठला, चपला घातल्या, फाटकाची कडी काढायला लागला. तिच्या तोंडून निघूनच गेलं.

"अहो, गरारी चांगली आहे. मी रोज रामघाटावर जाते."

तो वळला. तिला वाटलं, आता रागावेल. रागावला असता तर बरंच झालं असतं, निदान भांडता आलं असतं. कशाला जातेस, एवढंच त्यानं विचारलं. उगीच, बसायला, ती म्हणाली. तो क्षणभर हिशेब करत राहिला आणि त्याचा चेहरा एकदम उजळला.

"म्हणजे माझी बॅटरी पुरत होती!"

मग त्याला थारा राहिला नाही. अगं वेडे, मग सांगायचं नाही का, मी आपला रोज दाते मोजत बसलोय. घाटावर एकटी काय बसतेस? तो आत जाऊन मोठी गरारी घेऊन आला, जड पडते म्हणून आधी बाजूला ठेवलेली. हिनं वेग थोडा मरेल, पण दोघांचं ओझं सहज ओढेल, पूलही चढेल. बॅटरी पुढच्या टोपलीत टाकू, कॅरियर मोकळं होईल. संध्याकाळी मी देवास गेटला येऊन उभा राहत जाईन. तिथून घाटापर्यंत मी चालवीन, तू नुसतं मागे बसायचं. बोलता बोलता त्यानं गरारी बसवलीसुद्धा. कल्पनानं चाक धरलं होतं.

"जोरात धर," तो म्हणाला. तिनं धरलं.

शेवटी त्यानं कॅरियरवर जुनी उशी बांधली, सायकल स्टँडवर घेतली आणि तिला बसायला लावलं. खटका दाबला. चाक गरगर फिरू लागलं, सगळी सायकल तिच्याखाली थरथरू लागली. समोर नळ होता तिथंच होता, फाटक होतं तिथंच होतं. भय्यासाहेब भिंतीवरून डोकावून वा वा करत होते.

पायडलवर हात ठेवून यज्ञेश्वर खाली वाकला. त्याला तिची काळजी वाटली.

"पाय वर घे गं," तो म्हणाला. "खाली सोडायचे नाहीत."

कल्पनानं पाय वर घेतले.